वर्गणी, कॅमेरा आणि शेजाऱ्याकडची चावी

तुळशीची लग्नं उरकली की सातारा-सांगलीच्या गावांतून जत्रा कमिटीच्या बैठका बसू लागतात. मार्गशीर्षात म्हसवडला सिद्धनाथाचा रथ, पौषात पालला खंडोबाचं लग्न, खरसुंडीला जनावरांचा बाजार, मांढरदेवला काळूबाई. आणि यांच्या आगेमागे पंचक्रोशीबाहेर ज्यांची नावं कोणाला ठाऊक नाहीत अशा गावदेवांच्या जत्रा. अलीकडे या बैठकांत एक वाद हमखास निघतो. थंडीत घरफोड्या होतात, निम्मी घरं बंद, तेव्हा तमाशा-ऑर्केस्ट्रावर पैसा घालवण्यापेक्षा यंदाच्या वर्गणीत गावभर कॅमेरे बसवा, असं एक बाजू म्हणते. देवाचं काम बापजाद्यांपासून चालत आलंय, ते मोडता येणार नाही, असं दुसरी म्हणते. मग आवाज चढतात आणि माणसं कुणाकडे जास्त, एवढंच पाहायचं उरतं. दोन्ही बाजू चुकीच्या मुद्द्यावर भांडतायत. एकीला जत्रा म्हणजे चैन वाटते, दुसरीला नुसती रीत. जत्रा, काकडा, भजन, गावातल्या पोरांनी बसवलेलं नाटक, या निमित्ताने माणसं एकमेकांच्या नजरेखाली राहतात; आणि हिवाळ्यात घर कशाने राखलं जात असेल तर ते या नजरेने. ती मोडून त्या पैशात कॅमेरे घेणं म्हणजे बैल विकून कासरा आणणं.

कॅमेऱ्याचा उपयोग नाही, असं मात्र कोणी म्हणू नये. गावात शिरणाऱ्या दोन-तीन रस्त्यांवर नीट बसवलेला कॅमेरा रात्री दोन वाजता आलेली गाडी कुठल्या बाजूने आली आणि किती वेळात परत गेली, हे सांगतो. पोलिसांना तपासाची सुरुवात तिथून करता येते, आणि खोटा आळ आलेल्या माणसालाही तेच चित्रण सोडवतं. बाजारपेठेत, बँकेपाशी, दूध डेअरीसमोर तो हवाच. पण कॅमेऱ्याची बाजू मांडणारे त्याच्या रोजच्या जपणुकीबद्दल कधी बोलत नाहीत. दोन मेगापिक्सेलचे आठ कॅमेरे रात्रंदिवस चालू ठेवले तर एक टीबीच्या हार्ड डिस्कवर साधारण आठवडाभराचं चित्रण मावतं. पुढे जुनं पुसलं जाऊन त्यावर नवं चढतं. थंडीत पहाटे काचेवर दव बसतं. रात्रीच्या दिव्याला किडे येतात, किड्यांमागे कोळी येतो, आणि भिंगासमोर विणलेल्या जाळ्यावरून तोच उजेड परतून सगळं चित्र पांढरं होतं. समोरून हेडलाइट आला की नंबर प्लेट दिसत नाही. उसाची उंच भरलेली ट्रॉली रस्त्यावर आडवी ओढलेली केबल घेऊन जाते, वळवाच्या विजेत अ‍ॅडॉप्टर जळतात, लाईट गेली आणि इन्व्हर्टर नसला तर सगळंच बंद. चित्रण साठवणारा डीव्हीआर ग्रामपंचायतीच्या कपाटात, त्याचा पासवर्ड बसवून गेलेल्या माणसाच्या डोक्यात. जत्रेची वर्गणी दरवर्षी गोळा होते म्हणून जत्रा दरवर्षी होते. कॅमेऱ्याला एकदा पैसे दिले की दुसऱ्या वर्षीच्या दुरुस्तीला कोण देणार, हे त्या बैठकीत ठरतच नाही.

आता आपल्याकडची बंद घरं कोणाची आहेत ते बघा. खानापूर, आटपाडी, तासगाव, माण, खटाव इथली हजारो कुटुंबं सोन्याचांदीच्या गलाईसाठी, म्हणजे सोनंचांदी वितळवून शुद्ध करण्याच्या धंद्यासाठी, देशभर पांगलेली आहेत. पाटण-जावळीच्या खोऱ्यांतली माणसं पिढ्यान्‌पिढ्या मुंबईत, माथाडीत किंवा गिरणीत गेली. गावात राहिलं ते कुलूप, नाहीतर म्हातारा-म्हातारी. गलाईवाल्याचं घर फुटलेलं त्याला किंवा शेजाऱ्याला दोन महिन्यांनी कळलं, तर आठवड्याचं चित्रण साठवणारी डिस्क काय सांगणार? दुसऱ्या दिवशी सकाळी जिच्या लक्षात येईल ती समोरच्या दारची बाई. कडीला लावलेलं कुलूप सरळ लोंबत होतं, आज तिरकं दिसतंय, हे तिलाच दिसतं. ते तिने बघावं, यासाठी त्या घराशी तिचं काही नातं असायला हवं. बंगल्याचा मालक वर्षातून एकदा जत्रेला येतो, पालखीला खांदा देतो, तिच्या घरी पुरणपोळीचा डबा पोचवतो आणि जाताना चावी ठेवून जातो, म्हणून ते नातं टिकतं. जत्रा बारकी केली की त्याचं येणं आधी दोन दिवसांवर आणि मग फोनवर येतं.

विरोधी बाजूचा सगळ्यात जोरकस मुद्दा वेगळाच आहे, आणि तो खरा आहे: घरं फुटतात ती जत्रेच्याच रात्री. सगळं गाव मंडपात, लग्नसराईचं सोनं कपाटात, ढोलकीच्या आवाजात कटावणीचा आवाज कोणाला ऐकू येणार? यावर ‘आमच्या गावात असं होत नाही’ हे उत्तर पुरेसं नाही. उत्तर गस्तीचं आहे, आणि गस्त लावायची तर नीट लावायला हवी. प्रत्येक आळीतून चार जण, दोन पाळ्या, रात्री नऊ ते साडेबारा आणि साडेबारा ते चार. दोघांनी मिळूनच फिरायचं. बॅटरी, शिट्टी आणि एक वही. नावं आधी पोलीस पाटलाकडे आणि ठाण्यात दिलेली. अनोळखी गाडीचा नंबर आणि वेळ वहीत. पहिल्या पाळीवाल्यांना वगाचा शेवट बघायला मिळतो, दुसऱ्यांना गण-गौळण, त्यामुळे कोणी रुसत नाही. एका फोनवर साऱ्या गावाला एकदम निरोप देणारी ग्राम सुरक्षा यंत्रणा बऱ्याच गावांनी घेतली आहे. तिचा घोळ एवढाच होतो की नंबर एकदा नोंदवले जातात आणि पुढे सिमकार्डं बदलतात. ती यादी दर दिवाळीला नव्याने तपासली नाही तर ऐन वेळी फोन जुन्या नंबरांवर जातात आणि गाव झोपलेलं राहतं.

पण गस्तीचीही एक काळी बाजू आहे आणि ती आपल्याच सांगली जिल्ह्याने पाहिली. सप्टेंबर २०२२ मध्ये जत तालुक्यातल्या लवंग्यात उत्तर प्रदेशातून आलेल्या चार साधूंना मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने बेदम मारहाण केली. त्याआधी १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात पाच जणांना अशाच अफवेवरून ठेचून मारलं. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, बहुतेक जण मंगळवेढ्याकडचे. डौर वाजवत दारोदार गाणारी ही माणसं. पूर्वी सुगी झाली की गावात वासुदेव यायचा, पोतराज यायचा, बहुरूपी पोलिसाचं सोंग काढून पोरांना घाबरवायचा, डवरी गोसावी भराड घालायचा. हे सगळे परके, आणि तरी गावाच्या ओळखीचे. गावाची करमणूकच परक्या माणसांच्या हाती होती, म्हणून परक्याला बसवून पाणी देण्याची सवय गावाला होती. ज्या गावाची सगळी करमणूक मोबाईलमध्ये गेली, त्या गावाला दारात उभा राहिलेला प्रत्येक फाटका माणूस चोर वाटणार नाही तर काय? म्हणून गस्तीचा पहिला नियम हाताचा. अनोळखी माणसाला लांबून विचारायचं, बसवायचं, ११२ ला फोन करायचा, आणि पोलीस येईपर्यंत कोणी त्याच्या अंगाला हात लावायचा नाही. हा नियम मान्य नसलेल्याला शिट्टी देऊ नये.

इथे इतिहासातली एक गोष्ट मनात ठेवण्यासारखी आहे. गावगाड्यात रात्री जागायचं काम आपण ठरावीक जातींच्या गळ्यात बांधलं होतं. गावाची, गडाची राखण रामोशांकडे. इतर जण निवांत झोपत. पुढे इंग्रजी अमलात राखणीची वतनं गेली, १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा यथावकाश मुंबई इलाख्यातही आला, आणि राखणदारांच्या वंशजांवरच पोलिसांच्या हजेरीचा जाच आला. जागण्याचं काम दुसऱ्यावर टाकून स्वतः झोपायचं, आणि काही बिघडलं की त्याच दुसऱ्याकडे बोट दाखवायचं, ही सवय जुनी आहे. आज ते काम यंत्रावर टाकू पाहतोय, एवढाच फरक. याउलट १९४३ ते ४६ या काळात, आजचा सातारा आणि सांगलीचा मोठा भाग मिळून जो सातारा जिल्हा होता, तिथे क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारने दरोडेखोरांचा बंदोबस्त केला तो गावागावांतली माणसं उभी करून. तुफान सेनेची पोरं कवायत करत, तशा शाहिरांच्या पोवाड्यांच्या बैठकाही होत. लोक आधी ऐकायला जमले, मग राखायला उभे राहिले.

एवढं झाल्यावरही हा वाद मला अपुरा वाटतो, कारण चोर एवढाच हिवाळ्याचा धोका धरून तो चाललाय. चोर दागिने नेतो. माणसाचा जीव जातो तो न्हाणीघरात, आणि तिथे कॅमेरा कधीच नसणार. पूर्वी तांब्याचा बंब परसात किंवा पडवीत पेटायचा, आत चिपाडं आणि शेणी. न्हाणीला वर कौलं, कौलांना फटी. धूर डोळ्यांत जायचा पण कोणी त्याने मरत नव्हतं. आता आतल्या खोलीला लागून चार बाय सहाचं बाथरूम, तिथे भिंतीवर गॅस गिझर, आणि थंडी वाजते म्हणून झरोक्यात कोंबलेला पुठ्ठा. गॅस जळायला हवेतला ऑक्सिजन लागतो. बंद खोलीत तो कमी होत गेला की जळण अर्धवट होतं आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. डोकं जड होतं, मळमळतं, आणि ‘बाहेर जाऊ’ असं सुचेपर्यंत पायांतलं बळ गेलेलं असतं. जत्रेच्या सकाळी हे सगळं एकत्र येतं: घर पाहुण्यांनी भरलेलं, देवदर्शनाआधी सगळ्यांच्या आंघोळी एकामागून एक, गिझर तासभर बंदच नाही, दार उघडलं की थंडी शिरते म्हणून लगेच लावलेलं. शेवटी जो आत जातो त्याच्या वाट्याला सगळ्यात वाईट हवा येते.

उपाय अवघड नाहीत, फक्त ते नेमके करावे लागतात. गिझर बाथरूमच्या बाहेर, उघड्या भिंतीवर बसवायचा आणि आत फक्त गरम पाण्याचा पाइप न्यायचा. ते होत नसेल तर बादली भरेपर्यंतच तो चालवायचा. घरगुती गिझर मिनिटाला पाच-सहा लिटर पाणी देतो, म्हणजे मोठी बादली तीन-चार मिनिटांत भरते. बादली भरली की गिझर बंद, दार दोन मिनिटं उघडं, मग आंघोळ. वर आणि खाली अशा दोन जाळ्या हव्यात, ज्या कोणाला बंदच करता येणार नाहीत. गळलेला एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने खाली साचतो, त्याला खालची जाळी लागते. खिडकी लावून नुसता एक्झॉस्ट फॅन चालवणं धोक्याचं, कारण हवा आत यायला वाट नसली तर तो फॅन गिझरचा जळका वायूच खाली ओढतो. ज्योत निळी असावी. पिवळी दिसली किंवा वर काजळी धरली तर मेकॅनिक येईपर्यंत गिझर वापरू नये. दाराची कडी बाहेरून नाण्याने फिरवून उघडता येईल अशी बसवावी. आणि आत गेलेल्याला दर पाच मिनिटांनी हाक मारायची. ओ आली नाही तर दार उघडून माणूस आधी मोकळ्या हवेत आणायचा, गॅस बंद करायचा, १०८ ला फोन करायचा, आणि डॉक्टरांना पहिलं वाक्य सांगायचं: गॅस गिझर चालू होता. हे सांगणं फार महत्त्वाचं, कारण बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरला कार्बन मोनॉक्साइड वेगळा ओळखता येत नाही. माणूस बेशुद्ध असतो आणि यंत्र अठ्ठ्याण्णव दाखवतं.

खोलीत घमेल्यातले निखारे घेऊन झोपणाऱ्यांनाही हाच वायू गाठतो. धूर निघत नाही म्हणून निखारा निर्धोक, हा समज जीवघेणा आहे. पाण्याच्या रॉडचं वेगळं. १५०० वॉटचा रॉड साडेसहा अ‍ॅम्पियर ओढतो, म्हणून तो सहाच्या सॉकेटला न लावता सोळाच्या सॉकेटला लावायचा, पाण्यात हात घालण्याआधी पिन काढायची, आणि घराला विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा तीस मिलीअ‍ॅम्पियरचा ब्रेकर बसवून घ्यायचा. शिवारात उतरलेल्या ऊसतोड टोळ्यांच्या कोप्या तर पाचटाच्याच, आणि चूल दाराशी. दोन कोप्यांमध्ये दहा-बारा फुटांचं अंतर आणि पाण्याने भरलेली दोन बॅरलं, एवढी सोय गाव आणि कारखाना मिळून करू शकतो. जत्रेच्या सुरक्षेच्या चर्चेत या टोळ्यांचं नाव निघतं ते फक्त संशयासाठी. ती पोरंबाळंसुद्धा आपल्याच शिवारात थंडी काढतायत.

आता प्रश्न असा, की गिझरची ही माहिती घरोघर पोचणार कशी? पत्रक वाचलं जात नाही, मोबाईलवरचा निरोप पुढे ढकलला जातो. इथेच करमणुकीचं काम सुरू होतं. सत्यशोधकांनी याच मुलखात जलसे नेले तेव्हा गण-गौळणीचा साचा तमाशाचाच ठेवला, आणि सावकाराचं खातं, भटजीची दक्षिणा, पोरीची शाळा हे विषय त्यात घातले. अक्षरओळख नसलेल्या माणसालाही ते सहज कळलं. सांगलीत १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी नाटक उभं केलं आणि आजही ५ नोव्हेंबरला आपण रंगभूमी दिन साजरा करतो; पठ्ठे बापूराव वाळव्याच्या रेठरे हरणाक्षचे, काळू-बाळू कवलापूरचे. ज्या मातीत सोंगाड्याच्या एका वाक्यावर हजार माणूस हसतं, तिथे बतावणीत, म्हणजे वगाआधीच्या विनोदी संवादात, बंद बाथरूममध्ये गाणं म्हणत बसलेल्या जावयाची दहा मिनिटांची गोष्ट घातली, तर ती वर्षभर घरात बोलली जाईल. फडमालकाला आधी सांगितलं तर तो आनंदाने घालतो. गावचं नाव आणि गावची खोड बतावणीत गुंफणं ही त्याची रोजची कला आहे.

जत्रेवरचे बाकीचे आक्षेपही मान्य करायलाच हवेत. २५ जानेवारी २००५ ला मांढरदेवला चेंगराचेंगरी झाली, दुकानं पेटली, सिलिंडर फुटले आणि जवळपास तीनशे माणसं गेली. गर्दीला येण्याची आणि जाण्याची वाट वेगळी नसेल, नारळाच्या पाण्याने पायऱ्या निसरड्या होत असतील, हॉटेलांच्या पालात सिलिंडर आणि भट्टी शेजारी असेल, तर गावची लहान जत्राही तितकीच जिवावरची. त्या बंदोबस्ताचा खर्च वर्गणीत पहिला धरायचा. आणि डीजेवरचा खर्च खुशाल तोडा. त्याच्यापुढे म्हातारं माणूस बसू शकत नाही, कोणी कोणाशी बोलू शकत नाही, लगतच्या घरांच्या खिडक्या हादरतात. माणसं एकत्र बसवणारी करमणूक आणि त्यांना उठवून लावणारा गोंगाट, यांना एकाच खर्चाच्या ओळीत घालणं हीच या वादातली मोठी गल्लत आहे. कार्तिकातला पहाटेचा काकडा जवळपास फुकट होतो. पण रोज पाचला देवळात येणारी म्हातारी एके दिवशी आली नाही, तर सहा वाजता कोणीतरी तिच्या दाराची कडी वाजवतं. असं लक्ष ठेवणारं यंत्र अजून बाजारात आलेलं नाही.

शेवटचा मुद्दा वर्गणीचाच. घरटी वर्गणी मागायला चार पोरं पावतीपुस्तक घेऊन निघतात, ती गावातल्या प्रत्येक उंबऱ्यावर जातात. तलाठी जात नाही, ग्रामसेवक जात नाही, मतं मागणारेही ठरावीक घरंच धरतात. कॅमेऱ्यासाठी एकदा रक्कम भरून घेतली, किंवा वर्गणी ऑनलाइन घेतली, की ही फेरी संपली. यंदा कमिट्यांनी त्या पोरांना पावतीबरोबर एक वही द्यावी. घर बंद असेल तर चावी कोणाकडे. एकटं माणूस राहतं का, त्याच्या लेकाचा फोन कुठला. गिझर आत की बाहेर, झरोका उघडा की बुजवलेला. कोयंडा नुसत्या स्क्रूवर असेल तर तो कटावणीच्या एका हिसक्यात निघतो; आरपार बोल्ट घालून नट आतून आवळायला सांगायचं. बाहेरगावी जाणाऱ्याने रेग्युलेटर काढून सिलिंडरला टोपण लावलं का, सोनं बँकेत ठेवलं का, हेही विचारायचं. सोनं किती ते विचारायचं नाही. ही वही एकच असावी, पोलीस पाटलाकडे, आणि आळीपुरती पानं त्या आळीच्या एका जबाबदार बाईकडे. वहीचा फोटो काढून ग्रुपवर टाकायचा नाही. कुठलं घर कधीपासून बंद आहे याची यादी चोराला हातात मिळाली, तर त्याला गावात फिरून बघायचीही गरज उरणार नाही.